यंत्राशेजारचा माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय फॅक्सचा इतिहास हा आहे, असे मी एका मित्राला सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "वसंतातल्या संध्याकाळी लोक चार विचार ऐकायला येतात, त्यांना तुम्ही कचेरीतली अडगळ दाखवणार!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ज्या यंत्रासाठी एके काळी कचेरीत स्वतंत्र टेबल असे, त्याच्यावर आज धुळीचे पांघरूण आहे. परंतु अडगळीच्या खोलीत कधी कधी घराचा इतिहास सापडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. फॅक्सचे तसेच आहे. एकाने लिहिलेला कागद अनेकांच्या हाती कसा जातो, आणि तो पुढे जावा की तिथेच थांबावा हे कोण ठरवते, हा फार जुना प्रश्न आहे. या यंत्राने तो काही वर्षे उघड्यावर आणून ठेवला होता. तेवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मोडी कागदपत्रे चाळणाऱ्यांना ‘असल’ आणि ‘तालीक’ हे दोन शब्द परिचयाचे आहेत. असल म्हणजे मूळ कागद. तालीक म्हणजे त्याची नक्कल. एकच मजकूर दहा ठिकाणी पाठवायचा तर कारकुनाने तो दहा वेळा लिहायचा आणि दहा जासुदांनी तो दहा वाटांनी न्यायचा. प्रतीची किंमत माणसाच्या बोटांनी आणि पायांनी मोजली जाई. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले आणि पायांचे काम विजेने घेतले. पण बोटांचे काम सुटले नाही. उलट एक नवीच अडचण उभी राहिली. तारेतून पत्र जात नसे. पत्राचे संकेतात केलेले भाषांतर जात असे. या टोकाला एक तारमास्तर अक्षरांचे कडकट्ट करी, त्या टोकाला दुसरा कडकट्टाची अक्षरे करी. लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर, त्याची सही, त्याने मारलेली रेघ, यांतले काहीच पलीकडे पोचत नसे.

शिवाय ही विद्या रोमन लिपीच्या मापाने शिवलेली होती. आपल्याकडे देवनागरीत तार करण्याची सोय १९४९ साली झाली; तोवर मराठी माणसाने आनंदाची किंवा दुःखाची वार्ता तारेने कळवायची ती इंग्रजीत, नाहीतर रोमन अक्षरांत कोंबलेल्या मराठीत. चिनी लोकांची अडचण तर याहून मोठी. त्यांच्या लिपीत हजारो चिन्हे. म्हणून प्रत्येक चिन्हाला चार आकड्यांचा एक क्रमांक देणारी कोष्टके १८७० च्या दशकात तयार झाली. पाठवणाऱ्याने चिन्हावरून आकडा शोधायचा, घेणाऱ्याने आकड्यावरून चिन्ह शोधायचे. एक आकडा चुकला की अर्थाचा अनर्थ.

गंमत अशी, की या अडचणीवरचा उपाय तारायंत्राच्या बाल्यावस्थेतच निघाला होता. अलेक्झांडर बेन हा स्कॉटलंडमधला एक घड्याळजी. घड्याळजीच्या मनात लंबक असायचाच! त्याने विचार केला, की तारेच्या दोन टोकांना दोन लंबक अगदी एका तालात झुलवले, इकडचा लंबक धातूच्या उठावदार अक्षरांवरून घसरत गेला, आणि तिकडचा रसायनात भिजवलेल्या कागदावरून, तर इकडे धातूचा स्पर्श होताच तिकडे कागदावर डाग पडेल. अशा डागांच्या रेघा एकाखाली एक काढल्या की अक्षराचे चित्र उभे राहील. या कल्पनेचे पेटंट त्याने १८४३ साली घेतले. तोवर टेलिफोनचा जन्मही झाला नव्हता. पुढे फ्रेडरिक बेकवेल या इंग्रज गृहस्थाने लंबकाऐवजी फिरते नळकांडे वापरले आणि १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात आपले यंत्र मांडले.

ही कल्पना बाजारात आणण्याचे श्रेय मात्र जोव्हानी कासेल्ली या इटालियन धर्मोपदेशकाचे. त्याचे ‘पॅन्टेलिग्राफ’ हे दोन मीटरहून उंच, लोखंडी धूड होते. १८६५ साली फ्रान्समध्ये पॅरिस आणि लियाँ या शहरांदरम्यान त्यावर लोकांसाठी सेवा सुरू झाली. तिचा आकार शब्द मोजून होत नसे, कागदाचे क्षेत्रफळ मोजून होई. यंत्राला शब्द कळतच नव्हते. त्याला फक्त काळे आणि पांढरे कळत होते. पेढीवाल्यांना त्याचा उपयोग वाटला तो सही ताडून पाहण्यासाठी. माणसाची सही तारेवरून माणसाच्या आधी गावाला पोचू लागली. १८७० च्या युद्धाच्या धामधुमीत ती सेवा बंद पडली.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. बेन, बेकवेल, कासेल्ली यांची यंत्रे एकाकडून एकाकडे जाणारी होती. एकाकडून अनेकांकडे जाण्याचा मोठा प्रयोग वृत्तपत्रांनी केला. १ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तारेने छायाचित्रे पाठवण्याची आपली व्यवस्था सुरू केली. एका ठिकाणी छायाचित्र नळकांड्यावर फिरे, आणि त्याच वेळी निरनिराळ्या शहरांतल्या दैनिकांच्या कचेऱ्यांत ते उमटत जाई. पुढे १९३८ साली सेंट लुईस शहरातील ‘पोस्ट-डिस्पॅच’ या दैनिकाने रेडिओच्या लहरींवरून वृत्तपत्राची पानेच घराघरांतील यंत्रांत छापण्याचा प्रयोग करून पाहिला. हे सगळे अद्भुत होते खरे. पण या व्यवस्थेत मध्ये बसलेला एकच बोलत होता आणि बाकीचे फक्त घेत होते. घेणाऱ्याला आलेला कागद पुढे धाडता येत नव्हता. मंदिरातला घंटानाद सगळ्या गावाला ऐकू येतो, पण घंटा एकाच्याच हाती असते. त्यातलाच हा प्रकार.

घंटा सर्वांच्या हाती दिली ती जपानने, आणि त्यामागे लिपीचीच निकड होती. चिनी चिन्हे आणि स्वतःच्या दोन अक्षरमाला अशी मिश्र लिपी लिहिणाऱ्या जपानी माणसाला टंकयंत्र नेहमीच अवघड वाटले. हाताने लिहून मोकळे होणे त्याला सोपे. यासुजिरो निवा या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्याबरोबर तयार केलेल्या यंत्राने १९२८ साली सम्राटाच्या राज्याभिषेकाची छायाचित्रे क्योतोहून तोक्योला धाडली होती. पुढे १९६६ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीचा टेलिकॉपियर निघाला. तो टेबलावर मावे आणि साध्या टेलिफोनला जोडता येई. पण एका पानाला सहा मिनिटे घेई. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेलच, याचीही खात्री नसे. अखेर १९८० साली आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने ‘गट तीन’ या नावाने नियम घालून दिले, आणि जगातले कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राशी बोलू लागले.

या नियमांतली युक्ती सोपी आहे. पानाच्या प्रत्येक आडव्या ओळीचे १७२८ ठिपके करायचे. साध्या प्रतीचे पूर्ण पान धरले तर ठिपके होतात वीस लाखांच्या घरात. तारेतून सेकंदाला ९६०० ठिपके धाडले तरी एका पानाला तीन मिनिटांहून अधिक लागतील. म्हणून यंत्र ठिपके एकेक करून सांगतच नाही. ‘येथून दोनशे पांढरे, मग सात काळे, मग पुन्हा तीनशे पांढरे’ असे हिशेबाने सांगते. पान बहुतेक पांढरेच असते, त्यामुळे मिनिटाच्या आत काम उरकते. टेलिफोन उचलल्यावर जी शीळ ऐकू येई, ती दोन यंत्रांची ओळखपाळख होती: मी अमुक वेगाने बोलू शकतो, तू किती वेगाने ऐकतोस?

आता समजा, कचेरीतून एकच परिपत्रक तीस ठिकाणी जायचे आहे. आरंभीच्या यंत्रांवर तीस वेळा कागद घालायचा, तीस क्रमांक फिरवायचे. लाइन लागली नाही तर पुन्हा फिरवायचे. मग यंत्राला स्मरणशक्ती आली. कागद एकदा वाचून ते पोटात ठेवी, आणि दिलेल्या यादीप्रमाणे एकामागून एक क्रमांक लावीत बसे. जपानच्या टेलिफोन महामंडळाने १९८१ साली फॅक्ससाठी वेगळे जाळे सुरू केले, त्यात तर एकदा दिलेला कागद अनेकांना वाटण्याचे काम जाळ्यानेच पत्करले. आणखी एक शहाणी रीत होती, तिला आपण टप्प्याची रीत म्हणू. मुंबईहून नागपूर भागातल्या दहा कचेऱ्यांना कागद धाडायचा तर दहा वेळा लांब पल्ल्याचे पैसे कशाला भरायचे? नागपूरच्या एका यंत्राकडे एकदा धाडावा आणि त्याने तिथल्या दहा ठिकाणी वाटावा. जुन्या डाकचौकीची घोडी बदलण्याची पद्धत नव्या रूपात परत आली, एवढेच.

या टप्प्याच्या रीतीचे गणित पाहा. एकाने पाचांना धाडले, त्या पाचांनी प्रत्येकी नव्या पाचांना, आणि असे चार वेळा झाले, तर पाच, पंचवीस, एकशे पंचवीस आणि सहाशे पंचवीस मिळून ७८० ठिकाणी कागद पोचतो. आणि कोणालाही पाचांहून अधिक क्रमांक फिरवावे लागत नाहीत. मधोमध बसलेला कोणी नसतो, म्हणून मधोमध बसलेल्याला बंदही करता येत नाही. पण या गणितात एक अट लपलेली आहे. प्रत्येक टप्प्यावर यंत्राशेजारी एक माणूस हवा, आणि त्याने कागद वाचून ‘हा पुढे गेला पाहिजे’ असे म्हटले पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९० च्या दशकात एका जिल्ह्याच्या गावी एका संस्थेच्या कचेरीत मी काम करीत असे. शाखा बऱ्याच, यंत्र एक. एकदा सर्वसाधारण सभेची नोटीस हाताने लिहून चार मोठ्या शाखांना धाडली आणि ‘आपल्या भागातील शाखांना पुढे पाठवावी’ असे खाली लिहिले. सभा होती ११ तारखेला. देवनागरी हस्ताक्षरात १ आणि ९ यांचे नाते किती जवळचे असते हे आपणांस ठाऊक आहे. तिसऱ्या टप्प्यावरच्या पुसट प्रतीत ११ चे १९ झाले. सभेच्या दिवशी निम्मी सतरंजी रिकामी, आणि आठ दिवसांनी काही मंडळी आवर्जून आली, तर दाराला कुलूप! आमच्या हेडक्लार्कनी त्या दिवसापासून नियम केला: तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची, आणि पुढे धाडणाऱ्याने आधी मूळ कचेरीला फोन करून ताडून घ्यायची. प्रतीची प्रत काढताना अक्षर झिजते. विश्वास मात्र झिजत नाही, तो तसाच पुढे जातो. धोका आहे तो इथेच.

आमच्या कचेरीत चुकीची किंमत एक फुकट गेलेली सभा, इतकीच होती. ज्यांच्या बाबतीत ती याहून फार मोठी होती, त्यांच्याकडे आता वळू.

१९८९ सालच्या वसंतात चीनची राजधानी बीजिंग येथे तिएनआनमेन चौकात विद्यार्थी जमले होते. २० मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. ३ जूनच्या रात्री आणि ४ जूनच्या पहाटे सैन्याने शस्त्रबळाने शहराचा ताबा घेतला. त्यानंतर सरकारी वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांवरून एकच हकिकत सांगितली जाऊ लागली. अमेरिकेत, युरोपात आणि हाँगकाँगमध्ये शिकणाऱ्या, राहणाऱ्या चिनी तरुणांना जगाच्या वृत्तपत्रांतली हकिकत दिसत होती. देशातल्या लोकांना ती दिसत नव्हती. चीनने तेव्हा नुकताच व्यापार खुला केला होता, म्हणून हॉटेले, व्यापारी पेढ्या, विद्यापीठे आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांत फॅक्स यंत्रे आली होती. या तरुणांनी त्यांचे क्रमांक जमवले, एकमेकांना दिले, आणि वृत्तपत्रांतली कात्रणे त्या क्रमांकांवर धाडायला सुरुवात केली.

ज्या लिपीला तारायंत्राने चार आकड्यांच्या कोष्टकात कोंडले होते, ती लिपी आता जशीच्या तशी समुद्रापलीकडून कागदावर उतरत होती. मध्ये कोणी तारमास्तर नव्हता, कोणी टंकलेखक नव्हता. पण कागद उतरत होता तो कचेरीत, आणि कचेरीत कोणीतरी बसलेले होते. त्या कारकुनापुढे, त्या टेलिफोनवालीपुढे तीन वाटा होत्या. कागद फाडून टोपलीत टाकावा. वरिष्ठांना नेऊन द्यावा. किंवा त्याच्या प्रती काढून सहकाऱ्यांत वाटाव्या, भिंतीवर डकवाव्या, दुसऱ्या कचेरीला धाडाव्या. अनेकांनी तिसरी वाट धरली. अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आल्यावर यंत्रांवर देखरेख बसवण्यात आली. देखरेख यंत्रावर होती असे आपण म्हणतो. खरे पाहता ती यंत्राशेजारच्या माणसावर होती. यंत्राला शिक्षा होत नाही.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी पॅरिसच्या ‘आक्त्युएल’ या मासिकाने चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या मुखपत्रासारखी दिसणारी पाने तयार करून ती चीनकडे फॅक्सने धाडण्याचे आवाहन वाचकांना केले. हेतू चांगला होता हे मान्य. पण खरी बातमी खोट्या मथळ्याखाली धाडली, तर घेणाऱ्याने तिच्यावर कोणत्या आधाराने विश्वास ठेवायचा? जे मुखपत्र रोज असत्य छापते असा आपला आरोप आहे, त्याचाच मुखवटा आपण घालावा काय? दूरच्या वाचकाला ही गंमत वाटली असेल. ज्याच्या टेबलावर तो कागद पडला त्याच्या नोकरीचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न होता. पुढे पाठवणाऱ्याने घेणाऱ्याच्या जिवाचाही विचार केला पाहिजे, हा धडा इथे मिळतो.

असेच दुसरे उदाहरण सौदी अरबस्तानचे. तिथे १९९३ साली स्थापन झालेल्या एका हक्क-समितीवर बंदी आली. तिचे प्रवक्ते मुहम्मद अल्-मसअरी १९९४ साली लंडनला पोचले, आणि तिथल्या कचेरीतून राजवटीवर टीका करणारी पत्रके सौदी अरबस्तानातल्या यंत्रांवर धाडू लागले. तिथे ज्याला कागद मिळे तो प्रती काढून पुढे देई. त्या समितीची सर्व मते आपल्याला पटावीत असे नाही. यंत्र मताचा पक्ष घेत नाही. जी वाट कात्रणाला मोकळी, तीच विखारी पत्रकालाही मोकळी, आणि फुकट्या जाहिरातीलाही! अमेरिकेत तर १९९१ साली कायदा करून न मागितलेल्या जाहिराती फॅक्सने धाडण्यास मनाई करावी लागली, कारण कागद आणि शाई घेणाऱ्याची खर्च होत असे.

आपल्या देशातही या यंत्राने आपली छाप सोडली आहे. तालुक्याच्या गावचा वार्ताहर हाताने लिहिलेली मराठी बातमी एसटीडीच्या दुकानातून थेट दैनिकाच्या कचेरीत धाडू लागला. रोमन अक्षरांतली मराठी सुटली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने फॅक्सने पाठवलेली नोटीस ही लेखी नोटीसच होय असा निर्णय दिला. आणि २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये जे घडले ते पुष्कळांना आठवत असेल. मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापण्याचा दावा सांगणारे पत्र राजभवनाकडे फॅक्सने धाडण्याचा प्रयत्न केला. ते पोचले नाही असे त्यांचे म्हणणे. त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली. सुट्टीचा दिवस असल्याने यंत्राजवळ कोणी नव्हते, असे राज्यपालांनी नंतर सांगितले. या वादात कोण खरे, हा आजचा विषय नव्हे. मी एवढेच म्हणेन, की दीडशे वर्षांच्या सुधारणेनंतरही एका राज्याचा प्रश्न अखेर ‘यंत्राशेजारी माणूस होता काय?’ या प्रश्नावर येऊन ठेपला.

आज फॅक्सची जागा खिशातल्या टेलिफोनने घेतली आहे. क्रमांक फिरवायला नको, कागद संपण्याची धास्ती नाही. बोट टेकवले की मजकूर शंभर जणांकडे. पूर्वी पुढे पाठवण्याला थोडे कष्ट पडत, आणि त्या कष्टांच्या वेळात विचाराला जागा मिळे. आता तो वेळ उरला नाही, म्हणून विचार मुद्दाम करावा लागतो. आमच्या हेडक्लार्कचा नियम मला अजून पुरेसा वाटतो: मूळ ठिकाणी विचारावे, आकडा अक्षरी ताडावा, मग पुढे धाडावे.

जाता जाता एक विनंती. त्या काळच्या बहुसंख्य यंत्रांत शाई नव्हती. उष्णतेने काळा पडणारा गुळगुळीत कागद असे. तो कागद उजेडाने, उबेने, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्याने हळूहळू पुन्हा पांढरा होतो. पेशव्यांच्या दप्तरातली तालीक आपण आज वाचतो. पण तीसएक वर्षांपूर्वीचा फॅक्स पुष्कळदा वाचता येत नाही. आपल्या संस्थांच्या, सहकारी पेढ्यांच्या, वृत्तपत्रांच्या आणि घरांच्या फायलींत असे कागद अजून असतील: कोणाच्या नेमणुकीचे, कोणाच्या आजारपणाचे, भूकंपाच्या वा पुराच्या दिवशी मदत मागणारे. उद्या सकाळी ती फाईल उघडा. जे अक्षर अजून दिसते आहे त्याची साध्या कागदावर प्रत काढा, आणि कोणी, कोणाला, केव्हा धाडले हे पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. कोणीतरी एकदा यंत्राशेजारी उभे राहून तो कागद पुढे धाडला होता. आता तो आणखी एक टप्पा पुढे धाडण्याचे काम आपले आहे.